बिनकुरकुरीचं पातं

४ फेब्रुवारी

ही वही बायकोनं आणून दिली. म्हणाली, "माझं ऐकायला तुला वेळ नाही, निदान स्वतःचं तरी ऐक." टोमणा आहे हे कळतं मला. पण वही चांगली आहे, कागद जाड आहे, आणि कामाचं काहीबाही लिहायला मला एक हवीच होती.

तर कामाची गोष्ट अशी की धाकट्याचा पाय कुरकुरतो.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. काही वर्षांपूर्वी एका ट्रकनं त्याचा डावा पाय गुडघ्याखाली नेला. तेव्हापासून तो कार्बनच्या पात्यावर चालतो. खाली वाकवलेली काळी पट्टी, वर खोलगट वाटी, वाटीत उरलेला पाय. नाट्यगृहात तो दिवे सांभाळतो. रंगमंचाच्या वर, छताला लागून एक लोखंडी पूल आहे. शिडीनं तिथं चढायचं आणि अंधारात बसून दिवे वळवायचे. पाय गेल्यावर सगळे म्हणाले, आता खाली बटणांपाशी बस. हा ऐकतो कशाला! नव्या पायाची सवय होते न होते तोच शिडी चढून मोकळा.

सध्या तिथं नवीन नाटक लागलंय. दुसऱ्या अंकात नायिका रिकाम्या खोलीत येते, खुर्चीवर बसते आणि कितीतरी वेळ काही म्हणजे काही बोलत नाही. म्हणे तोच नाटकाचा प्राण. काल त्या शांततेत वरून आवाज आला, कुर्र. धाकट्यानं अवघडून जरा वजन बदललं होतं, एवढंच. प्रेक्षक हसले. नायिका रडायचं सोडून ओठ चावत बसली. प्रयोग संपल्यावर दिग्दर्शकानं बजावलं, एक तर हा पाय गप्प बसेल, नाहीतर तू खाली बसशील.

धाकटा हे हसत हसत सांगत होता, पण चेहरा पडलेला होता. "दादा, वर असलो तर मी दिवेवाला. खाली बसवलं तर नुसता बटणं दाबणारा."

मी म्हटलं, काळजी सोड. कुरकुर बंद करणं हाच माझा धंदा आहे.

६ फेब्रुवारी

जेवताना बायकोनं विचारलं, "तू दिवसभर नक्की करतोस काय, असं कुणी विचारलं तर मी काय सांगू?" मी सांगायला लागलो आणि माझाच फोन वाजला. मालकांचा होता, घ्यावा लागला. तेव्हा इथं लिहून ठेवतो. कधी वाचलं तर वाचेल.

आमचा कारखाना कार्बनच्या तंतूंचा. एकेक तंतू केसाहून बारीक, पोलादाहून बळकट, पण स्वभावानं पक्का माणूसघाणा. नुसता तंतू काही कामाचा नाही. हजारो तंतू रेझिनमध्ये, म्हणजे तापवल्यावर घट्ट होणाऱ्या चिकट रसायनात, बसवायचे, थरावर थर द्यायचे, भट्टीत तापवायचे, तेव्हा कुठं त्याचं पातं होतं. आणि हा गुळगुळीत बाबा रेझिनला धरूच देत नाही, मेणावर पाणी ओतावं तसं ते ओघळून जातं. म्हणून आम्ही त्याला आधी आंघोळ घालतो. लांबलचक हौद, त्यात अमोनियाच्या क्षाराचं पाणी, पाण्यात वीज सोडलेली. तंतूंची लड त्यातून सरकत जाते आणि वीज तिला वरून जरा कुरतडते, खरखरीत करते. मग धुवायचं, वाळवायचं, कापडाला देतात तशी पातळ खळ द्यायची आणि रिळावर गुंडाळायचं. आता रेझिन आलं की गच्च धरतं. त्या हौदाचा प्रमुख मी.

धाकट्याच्या पात्यातली लड जुनी, हलक्या आंघोळीची. पकड सैल. पाय वाकला की आत कुठला तरी तंतू रेझिनमधून सुटतो, घासतो आणि कुर्र करतो. उपाय उघड आहे. वीज वाढवायची, हौदातला मुक्काम वाढवायचा, आणि पकड इतकी घट्ट करायची की आत कुणाला हलायला जागाच राहू नये.

११ फेब्रुवारी

आज पहिली लड काढली. पाण्याला नेहमीपेक्षा जास्त बुडबुडे आले, अमोनियानं नाकात झिणझिण्या, डोळ्यांना धारा. हौदावरचा माणूस म्हणाला, "साहेब, करंट जरा जास्तच नाही का होत?" मी म्हटलं, रडतोयस म्हणून तुला तसं वाटतंय.

घरी स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार करकरतं. बिजागरीत तेल घाल म्हणून बायको किती दिवस मागे लागली आहे. दिवसभर कारखान्यात कुरकुर बंद करून घरी यावं तर इथंही कुरकुर, दाराची वेगळी आणि हिची वेगळी. हे तिला बोलून दाखवलं. मला वाटलं होतं हसेल.

१५ फेब्रुवारी

मोडकबाईंचे निकाल आले. या आमच्या चाचणीशाळेच्या प्रमुख. आडनाव काही हे नाही, पण दिवसभर यंत्रात नमुने घालून मोडत असतात म्हणून अख्खा कारखाना त्यांना मोडकबाई म्हणतो. आता त्या स्वतःही फोनवर तेच सांगतात.

थरांची पकड आमच्याकडे आजवर कधी आली नव्हती इतकी आली आहे. मी खुर्चीतून उठून शीळच घालणार होतो, पण बाईंच्या कपाळावर आठ्या.

"आकडा छान आहे," त्या म्हणाल्या. "पण हे मोडताना बोलत नाहीत."

"म्हणजे?"

"जुना नमुना दाबला की आधी टिकटिक करतो, मग करकरतो, मग वाकतो, मग जातो. मला यंत्र थांबवायला वेळ मिळतो. हा शेवटपर्यंत गप्प. आणि मग एकदम दोन तुकडे."

"अहो बाई, तेच तर हवंय मला!"

त्यांनी माझ्या हातावर दोन तुकडे ठेवले. जुन्याचं तोंड झिजलेल्या झाडूसारखं, सगळे तंतू बाहेर आलेले. नव्याचं तोंड साबणाची वडी सुरीनं कापावी तसं सपाट.

"सैल तंतूपाशी भेग आली की ती वळते, अडखळते, वाटेतच दमते," बाई म्हणाल्या. "इथं तिला वळायला तुम्ही जागाच ठेवली नाहीत. ती सरळ आरपार जाते. यांना आधी हलका हातोडा मारून मग दाबून बघायला पाहिजे. हातोड्याच्या यंत्राची स्प्रिंग तुटली आहे, नवी मागवलीय. ती येईपर्यंत थांबा."

मी म्हटलं, "माझा भाऊ पायावर चालतो बाई, हातोड्याखाली झोपत नाही."

त्या हसल्या नाहीत. हल्ली कुणीच हसत नाही माझ्या बोलण्यावर.

खरं सांगायचं तर तो सपाट तुकडा मी दोनदा खिशातून काढून पाहिला. चहा घेतल्यावर फेकून दिला.

१९ फेब्रुवारी

पात्याच्या साच्याचं रेखाटन घेऊन बसलो होतो तर बायको समोर येऊन उभी. "मला तुझ्याशी बोलायचंय. माझ्या ऑफिसचं आहे." ती भूमापन कचेरीत नकाशे काढते. तिथं साहेबांशी तिचे नेहमीच काही ना काही खटके चालू असतात. मी म्हटलं, "कुरकुर असेल तर आजपासून एक नियम. जेवण झाल्यावर."

जेवण झाल्यावर आठवणीनं विचारलं. म्हणाली, "राहू दे."

बघा! अर्ध्या तक्रारी नुसत्या थांबवून ठेवल्या तरी आपोआप विरतात. हा नियम कारखान्यातही लावायला हवा.

२६ फेब्रुवारी

पातं झालं. आमच्याच बैठकीच्या खोलीत धाकट्याला बसवलं. पाय बसवणारा तंत्रज्ञ पेच आवळून बाजूला झाला आणि धाकटा दारापासून खिडकीपर्यंत चालला. मग परत. मग एका पायावर उडी. आम्ही सगळे श्वास रोखून होतो. आवाज नाही. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लिहायला लाज कसली.

धाकटा मात्र पात्याकडे बघत राहिला. "दादा, जुना पाय सारखा काहीतरी सांगायचा. गारठा पडला की एक आवाज, शिडीच्या पहिल्या पायरीवर वेगळा. हातात जड दिवा घेतला की ओरडायचाच. हा मुका आहे."

"मुकाच हवा होता ना तुला?"

"हो ना," तो म्हणाला. "हवा होताच."

बायको कॉफी घेऊन आली होती. ती म्हणाली, "होईल सवय. मुक्या माणसांचीसुद्धा होते." आम्ही सगळे हसलो. ती रिकामे कप उचलून आत गेली. माझा कप रिकामा नव्हता, पण जाऊ दे.

जुनं पातं मी भंगारात टाकायला उचललं तर धाकट्यानं हातातून ओढूनच घेतलं. "असू दे. त्याचं माझं जमतं."

३ मार्च

प्रयोगाला गेलो होतो. बायकोला चल म्हटलं, तिला काहीतरी आवराआवर करायची होती. दुसरा अंक. नायिका बसली. वर अंधारात धाकटा आहे हे मला माहीत, पण वरून आवाज म्हणून नाही आणि खाली सगळी माणसं चिडीचूप. टाचणी पडली असती तरी कळलं असतं. शेजारच्या बाई रडायला लागल्या. मलाही गहिवरून आलं, नायिकेमुळे नाही, पात्यामुळे.

दिग्दर्शकानं मला मिठी मारली. "तुम्ही माझा दुसरा अंक वाचवलात." धाकटा शिडीवरून उतरला तेव्हा दोघांनी मिळून त्याच्या पाठीवर थापा मारल्या. तो म्हणाला, "अरे, पडेन ना मी!"

मालकांच्या कानावर गोष्ट गेली आहे. कृत्रिम पायांच्या कार्यशाळेकडून अशाच पात्यांची मागणी येईल म्हणतात. नाव काय द्यायचं? मी म्हटलं, मुकं पातं. मालकांना फार आवडलं.

७ मार्च

मोडकबाई पुन्हा आल्या. स्प्रिंग अजून आलेली नाही. "तोवर भावाकडून ते पातं परत घ्या. थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे. आणि नवी पाती साच्यात घालू नका." हे सगळं मालकांसमोर, हौदावरच्या माणसांसमोर. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "बाई, कुरकुर पुरे."

हौदाचा बुडबुड आवाज तेवढा.

"बरं," बाई म्हणाल्या आणि गेल्या.

जरा जास्तच लागलं असेल का त्यांना? पण कुणीतरी कधीतरी म्हणायलाच हवं होतं.

१२ मार्च

मोडकबाई आता कामापुरतंच बोलतात. आकडे येतात, मी वाचतो, संपलं. कारखान्यात इतका सुखाचा काळ मी पाहिला नाही.

१६ मार्च

धाकट्याचा फोन. खो खो हसत होता. दोरानं वर ओढलेला दिवा डोक्यावरच्या दांड्याला बांधत होता, गाठ निसटली आणि दिवा थेट पात्यावर. "खरा पाय असता तर चेंदामेंदा झाला असता दादा. याच्यावर ओरखडासुद्धा नाही!"

"बघ," मी म्हटलं.

"बघतोय ना. बोट फिरवून फिरवून बघतोय. काहीच नाही."

चहाच्या वेळी सगळ्यांना ही गोष्ट सांगितली. बाई कोपऱ्यात होत्या. त्यांनी कप खाली ठेवला. "केवढा दिवा?"

"चांगला मोठा. दोन हातांनी उचलावा लागतो."

"त्यांना पातं काढून ठेवायला सांगा. आजच."

"झालं, सुरू तुमचं."

"कुरकुर नाही करत मी. विनंती करते."

त्यांचा आवाज असा काही होता की मी चटकन हो म्हणालो. सांगतो म्हणालो. मग भट्टीपाशी गडबड झाली, ती निस्तरता निस्तरता संध्याकाळ झाली आणि राहून गेलं. उद्या सांगेन.

१७ मार्च

सांगितलं नाही. फोन हातात घेतला होता. पण काय सांगू? ज्याच्यावर ओरखडाही नाही ते काढून ठेव? तो विचारेल का, आणि मला काय सांगायचं ते कळेना. शिवाय परवाच त्याच्या दिग्दर्शकानं त्याला नव्या नाटकासाठीही वरच बसायला सांगितलंय. पोराचा आनंद घालवणं जिवावर आलं.

२१ मार्च

रविवार. सकाळी बायकोनं मला कपड्यांचं मशीन शिकवलं. हसू नये कुणी, मला खरंच येत नव्हतं. पांढरे वेगळे, रंगीत वेगळे, पावडर कुठल्या कप्प्यात, सगळं दोन-दोनदा करून घेतलं माझ्याकडून. मग औषधांचा डबा, पाण्याचा मुख्य नळ, गॅसवाल्याचा नंबर. मी म्हटलं, परीक्षा आहे की काय? म्हणाली, "असावं माहीत."

ती बहिणीकडे जातेय, थोडे दिवस. एरवी एक बॅग नेते, या वेळी तीन. मीच खाली टॅक्सीपर्यंत नेल्या. खांदा निखळायची वेळ आली. "दगड भरलेस की काय?" तर म्हणाली, "पुस्तकं आहेत."

निघताना एक शब्द वाकडा नाही. जेवणाचं कसं करशील, उशिरा येत जाऊ नकोस, यातलंही काही नाही. उलट टॅक्सीच्या खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या कॉलरवरचा दोरा झटकला. लग्न झाल्यापासून ती इतकी शहाण्यासारखी कधी वागली नव्हती. माझा नियम लागू पडला म्हणायचा.

चहा करायला गेलो तर कपाटाचं दार करकरलं नाही. तिनंच तेल घातलंय कधीतरी. मी या रविवारी घालणारच होतो.

२७ मार्च

घर शांत. झोप चांगली लागते. बायकोला फोन केला. बरी आहेस? बरी आहे. काही हवंय? नाही, काही नको. दोन मिनिटांत आटोपलं. पूर्वी हाच फोन तासभर चालायचा आणि शेवटी कान गरम व्हायचा.

धाकट्यालाही फोन केला. पाय कसा आहे? मस्त आहे, म्हणाला. तोही आता काही सांगत नाही.

मुकी पाती साच्यात घातली आहेत. का कोण जाणे, आज हौदापाशी उभा असताना वाटलं, कुणीतरी काहीतरी बोलावं.

२ एप्रिल

आजचं सगळं नीट लिहायला हवं.

दुपारी जेवून टेबलापाशी आलो तर टेबलावर दोन तुकडे. आमच्याच नव्या लडीच्या नमुन्याचे. चिठ्ठी नाही, काही नाही. तोंड सपाट, साबणाची वडी कापल्यासारखं. उचलून पाहिले. वरच्या बाजूला काहीही खूण नाही. गुळगुळीत, चकचकीत.

मी चाचणीशाळेत धावलो. हातोड्याचं यंत्र सुरू होतं. बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "स्प्रिंग आज आली. हलका हातोडा मारला, तुमच्या भावाच्या दिव्यापुढे काहीच नाही. वरून ओरखडा नाही. मग दाबला. नेहमीच्या वजनाच्या निम्म्यावर गेला. सगळे तसेच गेले. एकानंही आवाज केला नाही."

"बाई, मला बोलावून सांगायचं नाही का!"

त्यांनी यंत्र बंद केलं. मग माझ्याकडे बघितलं. "तुकडे ठेवले ना टेबलावर," त्या म्हणाल्या.

धाकट्याला फोन लावला. बंद. दुपारचा प्रयोग होता आणि नाट्यगृहात शिरताना तो फोन बंदच करतो. धावत जाता जाता मालकांच्या दारात डोकावून ओरडलो, "एकही पातं बाहेर पाठवू नका, सगळी भंगारात!" ते काय म्हणाले ते ऐकायला थांबलो नाही.

नाट्यगृहाच्या दारावरचा माणूस सोडेना. "दुसरा अंक सुरू झालाय साहेब." मी त्याचा हात झटकला आणि आत शिरलो. मागच्या भिंतीला टेकून उभा राहिलो.

नायिका खुर्चीवर बसलेली होती. तीच ती शांतता. त्या दिवशी या शांततेसाठीच मी रडलो होतो. वर पाहिलं. दिव्यांच्या मागे काळोख, त्यात पुलाचा कठडा आणि एका माणसाची आकृती. तो उभा होता की बसलेला, कळत नव्हतं. त्याच्या खाली, थेट खाली, रंगमंचाची फळी आणि त्या फळीवर ती बाई. ओरडावं तर तो दचकेल, वजन टाकेल. गप्प राहावं तर... मी गप्प राहिलो. आयुष्यात एवढं कान देऊन मी काही ऐकलं नसेल. काही ऐकू येत नव्हतं. देवा, एकदा, फक्त एकदा काहीतरी वाजू दे.

कुर्र.

आधी कुणी हसलं नाही. मग दुसऱ्यांदा आलं, लांबलचक, कुर्र्र, आणि पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळीकडे पसरलं. नायिकेनं मान वळवून वर पाहिलं. मी तिथंच भिंतीला घसरत खाली बसलो. माझा जीव भांड्यात पडला होता. मी रडत होतो की हसत होतो ते दारावरच्या माणसाला विचारा, तो माझ्यावर वाकून पाणी पाजत होता.

प्रयोगानंतर दिग्दर्शकानं धाकट्याला सगळ्यांसमोर झापलं. उद्यापासून खाली, बटणांपाशी. माझ्याकडे तर त्यानं बघितलंही नाही. आम्ही दोघं बाहेर पायऱ्यांवर बसलो. त्यानं पँट वर केली तर खाली जुनं पातं, कडेला सालपटं निघालेलं.

"दिवा पडला त्या दिवसापासून वर जाताना हेच घालतो," तो म्हणाला. "एवढा मार खाऊन काहीच कसं झालं नाही, हेच मला पटेना. त्या सीनला श्वाससुद्धा जपून घेत होतो रे. इतके दिवस कुणाला कळलं नाही."

"मग आज?"

"आज मागचं दार उघडलं, त्या उजेडात तुला उभा बघितला. तुझं तोंड असं होतं, वाटलं घरी काहीतरी झालंय. वाकून बघायला गेलो."

"मला सांगायचं तरी होतंस, की नवं वापरत नाही म्हणून."

"आणि तू काय म्हणाला असतास?"

मी त्याची वर केलेली पँट खाली ओढून नीट केली.

नवं पातं त्याच्या खोलीत पलंगाखाली होतं. कोपरा न कोपरा तपासला, बोटाला काही लागेना. मग उंबऱ्यावर आडवं टेकवून मी हातानं रेटलं. फार जोर नाही, घट्ट बसलेली खिडकी ढकलावी इतपत. आधी काहीच नाही. मग टक्, आणि दोन तुकडे. धाकटा पलंगावर बसला आणि बराच वेळ आपला गुडघा दोन्ही हातांनी धरून होता.

मी उठलो तेव्हा त्यानं विचारलं, "वहिनीचं घर लागलं का?"

"लागलं म्हणजे?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "दादा, ती तुला बोलली नाही? बदलीचं?"

"कसली बदली?"

"मला वाटलं तुला माहीत आहे," तो म्हणाला. मग खाली बघून पात्याचे तुकडे गोळा करायला लागला, जणू ते कुणाच्या पायात रुततील.

घरी आलो. बूट न काढताच तिचं कपाट उघडलं. हँगर होते, कपडे नव्हते. नकाशाच्या पेनांचा डबा नव्हता. बाथरूममध्ये ब्रश एकच. हे सगळं कधीपासून असं आहे? मी रोज तिथं दात घासतो.

फोन लावला. लगेच उचलला तिनं. मी धाकट्याचं सगळं सांगितलं, पातं, दिवा, नाटक, सगळं, धापा टाकत. ती मधेमधे "अरे देवा" म्हणत होती. शेवटी म्हणाली, "सुटला रे. वाचला." तिच्या बोलण्यात खरा आनंद होता.

मग मी म्हणालो, "बदली घेतलीस?"

"हो."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगायला आले होते. तू म्हणालास, जेवण झाल्यावर."

"मग आता सांग. काय वाटेल ते बोल. ओरड, भांड, तासभर बोल. मी ऐकतो."

मी फोन कानाला इतका दाबला होता की कान दुखायला लागला. एखादा उसासा, जिभेचं च्यक्, काहीतरी.

"आता काही नाही रे," ती म्हणाली. तिचा आवाज छान होता, मोकळा, कुठं खरखर नव्हती. "मशीन जमतंय ना? पांढरे कपडे वेगळे टाक."

जमतंय म्हणालो. फोन ठेवला.

तेव्हापासून इथं स्वयंपाकघरातच बसलो आहे. मधे उठून कपाटाचं दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. हळू उघडून पाहिलं, झटका देऊन पाहिलं. काही आवाज येत नाही. तेल फार चांगलं घातलंय तिनं.